सासूबाईंच्या सत्तरीचा फॉर्म

सासूबाईंच्या सत्तरीला अख्ख्या गोतावळ्याने एकाच निळ्या कापडाचे कपडे घालायचे, हे नायजेरियातल्या अबेओकुटात सांगावं लागत नाही. मापं त्यांची लेक टिटिलोला वहीत उतरवून घेणार होती. पण तिचा नवरा ग्बोलाहान वेबसाइट बनवायचा, आणि सासरी त्याच्या कामाला इतकी वर्षं कुणी काम म्हटलं नव्हतं. (एकदा मेहुण्याने त्याच्याकडे बिघडलेला टीव्ही आणून दिला होता.)

"वही ठेवून दे," तो म्हणाला. "मी फॉर्म बनवतो."

फॉर्म देखणा झाला. घराखाली माणसं, माणसाखाली त्याचे कपडे, कपड्याखाली मापं. 'आणखी एक' दाबलं की नवा रकाना.

"किती माणसं मावतील?" टिटिलोलाने विचारलं.

"कितीही."

"अकान्नीमामांना तीन बायका आहेत."

"दहा असू देत. प्रत्येकीखाली हवी तेवढी मुलं."

"हे त्यांना सांगू नका."

एकशे सव्वीस माणसं भरली गेली, अर्थातच मानाप्रमाणे. सगळ्यांत वर सासूबाई, मग अकान्नीमामा, आणि जावई म्हणून सगळ्यांत खाली ग्बोलाहान. त्याने यादी छापून शिंपी सुबेरूकडे दिली तेव्हा छाती इतकी फुगली होती की दारातून तिरकं व्हावं लागलं.

सत्तरीच्या सकाळी नावं लावलेल्या पिशव्या वाटल्या. मामांच्या पिशवीतून त्यांच्या थोरल्या बायकोचा ब्लाऊज निघाला. थोरलीच्या पिशवीतून मधलीचा निघाला, आणि तो तिने दोन बोटांत धरून सगळ्या अंगणाला दाखवला.

"जावई, मी हे घालू?" मामांनी शांतपणे विचारलं. आज फजिती झाली की ग्बोलाहानला जन्मभर टीव्हीच दुरुस्त करायचे होते.

त्याने फोनवर यादी उघडली. "सासूबाईंचं माप कुणी भरलंच नाही?"

"आईच्या कमरेला टेप कोण लावणार?" टिटिलोला म्हणाली. "सुबेरूला पाठ आहे ते. मी रिकामं सोडलं."

रिकामा रकाना फॉर्म पुढे पाठवत नव्हता. नावांची रांग वेगळी, मापांची वेगळी, आणि शेवटी दोन्ही शेजारी ठेवायच्या. पहिलं माप गळलं आणि बाकीची सगळी एकेक जागा वर सरकली. (अशी चूक करू नये, हे ग्बोलाहान नवशिक्यांना दर महिन्याला शिकवायचा.)

"अरे सुबेरू, सासूबाईंच्या नावावर पुरुषाचा अगबाडा झगा शिवताना तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना," सुबेरू म्हणाला. "पण सत्तरीला आलेल्या बाईला मी कोण विचारणार? आणि तुमच्या नावापुढे काहीच नव्हतं, म्हणून तुमचं कापड तसंच ठेवलंय."

तेवढ्यात ग्बोलाहानच्या डोक्यात उजेड पडला. "मानाप्रमाणे रांगेत उभे राहा," तो ओरडला. "आपली पिशवी मागच्याला द्या."

कुणाच्या मागे कोण हे त्या घरात तान्ह्या पोरालाही ठाऊक. दोन मिनिटांत मामांना अगबाडा मिळाला, थोरलीला थोरलीचा ब्लाऊज मिळाला, आणि ग्बोलाहानला बायकोच्या पिशवीतून स्वतःची विजार. उरलेलं अखंड कापड सासूबाईंनी असं काही गुंडाळून घेतलं की शिवलेले कपडे घातलेल्या बायका बघत राहिल्या.

"एक आकडासुद्धा हरवलेला नाही," ग्बोलाहान भेटेल त्याला सांगत होता. "फक्त सरकला होता."

सासूबाईंनी त्याला सगळ्यांसमोर बोलावलं. "माझी माणसं मला कधी मोजता आली नाहीत. ह्या पोरानं सगळी सामावून घेतली. माझा जावई हुशार आहे."

ग्बोलाहानचा ऊर भरून आला. रीतीप्रमाणे त्याने त्यांच्या पायांशी लोटांगण घातलं, आणि विजार मागून कमरेपर्यंत उसवली.

"माझ्या शिवणीचा दोष नाही हं," सुबेरू घाईने म्हणाला. "फॉर्ममध्ये कंबर चौतीस आहे."

"चौतीस आमच्या लग्नात होती," टिटिलोला म्हणाली.

एवढ्या मोठ्या फॉर्ममध्ये खोटं माप भरणारा एकच निघाला, आणि कुणीतरी टॉवेल आणीपर्यंत त्याला तसंच पालथं पडून राहावं लागलं.