फाटकावरची तपासणी

सोमवारी सकाळी नऊला प्रयोगशाळेतली आपली जागा तिला परत मिळवायची, तर बाळासाठी पाळणाघर आजच ठरायला हवं होतं. आणि चार पाळणाघरं नवऱ्यानं आधीच नापास केली होती. हे पाचवं, चालत जाण्याजोग्या अंतरावरचं शेवटचं.

नवरा लिफ्ट तपासणाऱ्या खात्यात होता. स्वतः भार देऊन पाहिल्याखेरीज तो कशालाही सुरक्षित म्हणत नसे. नव्या संसारातल्या प्रत्येक स्टुलावर तो आधी उभा राहिला होता आणि मगच बसला होता.

पाळणाघर म्हणजे ते चालवणाऱ्या मावशींच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि समोरचं अंगण. पाच मुलं ठोकळे रचत होती. नवऱ्यानं प्रश्नांचा कागद काढला.

"औषधं?"

"वरच्या कपाटात. कुलपात."

"मुलं झोपली की?"

"दर दहा मिनिटांनी श्वास बघते."

"मुलांना एकटं सोडून कधी जाता?"

"जग बुडालं तरी नाही."

बाळाला कडेवर घेऊन ती मुलांकडे पाहत होती. तिच्याकडे कागद नव्हता. सर्वांत धाकटा मुलगा ठेचकाळून पडला, तेव्हा त्यानं आधी मावशींकडे पाहिलं आणि न रडताच उठला, एवढं तिनं टिपलं. तिच्यापुरता निकाल लागला होता. उरला होता नवरा.

तो स्वयंपाकघराच्या दारातल्या कमरेएवढ्या फाटकापाशी अडला.

"हे मुलांना उघडतं?"

"नाही उघडत."

"पाहिल्याशिवाय कसं म्हणता?" तो आत गेला आणि फाटक लावून घेतलं. "मला काही सांगू नका. मी दोन वर्षांचा आहे असं समजा."

"अवघड नाही ते," ती म्हणाली.

त्यानं फाटक ढकललं, ओढलं, गदागदा हलवलं. फाटक ढिम्म. समाधानानं त्यानं कागदावर खूण केली. पुढचा प्रश्न आगीचा होता. त्यानं खिशातून शिट्टी काढली आणि कुणाला न सांगता जोरात फुंकली.

"गाडी!" मावशी म्हणाल्या. मुलांनी एकमेकांचे सदरे मागून धरले, मावशींनी तिचा हात धरला, आणि बघता बघता सगळी वरात अंगणात पोचली.

"चाळीस सेकंद! उत्तम!" आतून आवाज आला. मग खडखडाट. उघडायचं कसं, हे विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मग एक किंकाळी.

तिनं खिडकीतून पाहिलं. नवरा फाटकावर घोड्यासारखा स्वार झाला होता आणि पँटचा काठ कडीत अडकल्यामुळे त्याला ना इकडे उतरता येत होतं, ना तिकडे.

"मावशी, जरा या हो!"

"येते बाबा, पण मुलं अंगणात आहेत. एकटं कसं सोडू?"

"बायको आहे ना तिथं!"

"त्या आजच भेटल्या. ओळखपाळख नसलेल्या माणसाच्या हाती मी मुलं देत नाही."

फाटकावर क्षणभर विचार झाला. "बरोबर आहे," आतून खोल गेलेला आवाज आला.

गाडी धाकट्याच्या चालीनं परतली. चपला रांगेत लागल्या. पाचही मुलांचे हात साबणानं, पाळीपाळीनं धुऊन झाले.

"काका, फाटकावर चढलं की मावशी ओरडतात," एक वेणीवाली मुलगी म्हणाली.

"ओरडत नाही गं, समजावते."

मावशींनी अंगठ्यानं कडी दाबून किंचित उचलली. फाटक स्वारासकट अलगद फिरलं आणि खोलीत येऊन थांबलं. मुलांनी टाळ्या पिटल्या.

"सत्याऐंशी किलो," बिजागरीकडे भारावून पाहत तो पुटपुटला, "आणि कुरकुरसुद्धा नाही. पास!"

खरचटलेली नडगी धुऊन मावशींनी पट्टी लावली आणि एक जाड वही उघडली. "कुणाला लागलं की लिहावं लागतं. वेळ, जागा, काय केलं ते." त्यानं नोंद दोनदा वाचली. चूक सापडेना. त्यानं सहीसाठी पेन मागितलं.

"तुम्ही नाही, बाबा. ज्याला लागलं त्याची सही चालत नाही. न्यायला आलेल्या माणसाची लागते."

तिनं बाळ मावशींच्या हाती दिलं. ते रडलं नाही. मावशींच्या चष्म्याची दांडी धरून बसलं. मोकळ्या हातानं तिनं 'पालक' या शब्दापुढे ठसठशीत सही ठोकली.

"सोमवारी साडेआठला आणून सोडते, मावशी."

मावशींनी वही मिटली. "एकालाच ना?"