श्रेयाचा आवाज आणि शेगडीची कॉइल

लग्नानंतरच्या पहिल्याच पंचमीला लेकीला आणायला डिंभ्याला जायचं, की आधी घरच्या स्पीकरचा क्रॉसओव्हर पुरा करायचा? डिंगोऱ्याच्या हौशीरामनं क्रॉसओव्हर निवडला. (जाड आवाज मोठ्या स्पीकरला आणि बारीक आवाज छोट्या ट्विटरला वाटून देणारं ते तारांचं भेंडोळं. हौशीराम त्याला सर्किट म्हणायचा, साळुबाई सवत.) "एवढं झालं की निघतोच," म्हणता म्हणता पंचमी निघून गेली. श्रेया पिशवी भरून वाट बघत बसली असणार, हे त्याला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तो सर्किटात आणखी डोकं घालत होता.

मग जावयानं एष्टीच्या कंडक्टरबरोबर श्रेयाची कॅसेट पाठवली. नव्या स्पीकरमधून लेक बोलली, "आमी मजेत हाय. तुमी काळजी करू नगा."

साळुबाईचा चेहरा उतरला. "अहो, पोर लई चिडलीय."

"चिडली कुठं? मजेत हाय म्हणती की!"

"शब्द नगा ऐकू, आवाज ऐका. कसा टोचतोय."

"अगं, त्यो ट्विटर टोचतोय!"

हे सुचताच हौशीरामला केवढं हायसं वाटलं! लेकीचा राग काढणं अवघड, ट्विटरला गप्प करणं सोपं. त्याच्या वाटेत विजेला अडवणारा रेझिस्टर घातला की झालं.

जुन्नरहून आणलेला दोन ओहमचा पांढरा, सिमेंटचा रेझिस्टर लावला. श्रेया टोचलीच. चारचा लावला. जरा कमी टोचली. आठचा दुकानात नव्हता. तेवढ्यात त्याची नजर विजेच्या शेगडीवर गेली. कॉइल म्हणजे तरी काय, लांबलचक रेझिस्टरच! मीटर लावून त्यानं आठ ओहमचा तुकडा कापला, उरलेली कॉइल ताणून खाचेत बसवली आणि बायकोला काही सांगितलं नाही. (चांगल्या कामाचा गाजावाजा करू नये.)

पुन्हा कॅसेट लावली. आता श्रेया इतकी मऊ बोलली, की साळुबाईनं डोळ्याला पदर लावला. आपण पोरीला दुखावलेलं नाही, असं हौशीरामला त्या घटकेला अगदी मनापासून वाटलं.

"च्या टाकते," म्हणत साळुबाई उठली. गॅस संपलेला, म्हणून तिनं शेगडीवर दूध ठेवलं. आखूड कॉइल अशी काही पेटली, की दूध बघता बघता उतू गेलं, कॉइलवर सांडलं आणि फाटकन फ्यूज उडाला. साळुबाईनं शेगडीत वाकून पाहिलं.

"कॉइल एवढीच कशी? बाकीची कुठं गेली?"

हौशीरामनं स्पीकरकडं बोट दाखवलं.

"चला," ती म्हणाली. "आता लेकीकडंच जेवू."

मिळेल त्या गाडीनं दोघं डिंभ्याला पोचली. दार श्रेयानंच उघडलं. बापाला पाहताच तिचे डोळे भरून आले. त्याच्या हातातली पिशवी काढून घेत ती म्हणाली, "या, आप्पा. आमी मजेत हाय. काळजी करायची काय गरज न्हवती."

तोच आवाज. तस्साच टोचणारा.

साळुबाई नवऱ्याकडं वळली. "बोला. आता हिला किती ओहमचा लावता?"