कोलंबीचं डिफरंट कालवण

नागावला केसरने घरामागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या आणि पहिल्याच पाहुणीने तिचा जीव टांगणीला लावला. आरोही मुंबईची. जेवण आवडलं तर नाताळात सगळा गोतावळा घेऊन इथेच उतरू, असं तिने आल्या आल्या सांगून टाकलं. दुपारी कोलंबीच्या कालवणाचा पहिला घास घेऊन तिने डोळे मिटले आणि ती म्हणाली, "ताई, हे डिफरंट आहे."

मग तिने तीनदा भात मागून घेतला, पण केसरचं तिकडे लक्ष कुठलं? ती नवऱ्याकडे धावली. प्रितम अलिबागला एका वकिलाकडे कारकून, म्हणून घरातलं इंग्रजी त्याच्याच ताब्यात. त्याने गंभीरपणे निकाल दिला, "हरायची केस आली की आमचे साहेब म्हणतात, मॅटर डिफरंट आहे. तोंडावर वाईट कोण बोलतंय?"

तरी केसर म्हणतच होती, शहरी माणसाला कालवणात कैरी चालायची नाही. दुसऱ्या दिवशी तिने मुकाट्याने पनीर केलं. आरोही "छान आहे" म्हणाली आणि केसरचा जीव भांड्यात पडला. मग काय, दोन्ही वेळा पनीर. आरोही दर वेळी छान म्हणे आणि एका पोळीवर उठे. शहरातल्या मुली जेवतातच चिमणीएवढं, अशी केसरने स्वतःची समजूत घातली.

आरोही निघायच्या आदल्या दिवशी शेजारची भागुबाई फणकारत आली.

"तुझी पाव्हनी माशाच्या वासावर माझ्या दारात आली. जेव म्हटलं तर बसली. दोन घास खाल्ले, छान आहे म्हनली नि हात धुवून मोकळी. वर मलाच सांगते, केसरताईंचं कालवण डिफरंट होतं, आता करतच न्हाईत. काय घालतेस गो त्यात?"

सगळं पनीर केसरच्या डोळ्यांपुढून गेलं. मग तिने प्रितमला कोलंबी आणायला पिटाळलं.

संध्याकाळी आरोहीने पातेलं रिकामं केलं आणि नाताळासाठी दोन्ही खोल्या धरल्या. जास्तीच्या माणसांना भागुबाईच्या पडवीत झोपवायचं ठरलं. केसर आनंदाने बातमी सांगायला शेजारी गेली, जाताना उरलेलं पनीरही घेऊन गेली.

भागुबाईने एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि वाटी हळूच बाजूला सारली.

"छान हाय हो," ती म्हणाली.