डांबरी कोटाचे भालेराव

आम्ही सिंगापुरात सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो त्याच आठवड्यात, आमच्या खालच्या मजल्यावरच्या मिसेस लिम यांच्या पांढऱ्या चादरींवर वरून डांबर पडलं.

डांबर आपोआप पडत नाही, एवढं हिशेबात आयुष्य घालवलेल्या माणसालाही कळतं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. शेजारच्या खिडकीतून बाहेर आलेल्या बांबूवर कॅनव्हासचा एक काळाकुट्ट कोट वाळत होता आणि दुपारच्या उन्हात पाझरत होता. आमच्या खाली अकरा मजले, प्रत्येक मजल्यावर वाळत घातलेले कपडे. संभाव्य नुकसानीची बेरीज मी मनात सुरू केली आणि भीतीनं सोडून दिली.

मिसेस लिम वर आल्या आणि शेजारच्या दारावर थापा मारू लागल्या. ‘‘अंकल, यू मॅड ऑर व्हॉट?’’

दार उघडणारा गृहस्थ शांतपणे म्हणाला, ‘‘मॅडम, धिस इज रेनकोट. टू हंड्रेड इयर्स ओल्ड डिझाइन.’’

‘‘देन यू वॉश माय बेडशीट टू हंड्रेड इयर्स, ला!’’ वाक्याला ‘ला’चं शेपूट लावायची इथली रीतच आहे.

हे आमचे शेजारी भालेराव. चादरी त्यांनी स्वतः घासून दिल्या. डाग गेले, रॉकेलचा वास राहिला.

भालेराव मालवाहू बोटीवर चीफ इंजिनिअर. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर, उरलेले घरी. सगळी नोकरी इंजिनरूममध्ये झालेली. शिडाच्या जहाजावर त्यांनी पाऊलही ठेवलेलं नव्हतं. पण घरी आले की त्यांना एकच नाद: शिडांच्या काळातला साधा खलाशी अंगात काय घालत होता? कप्तानाचा पोशाख विचारला तर तोंड वाकडं करायचे. ‘‘कप्तानाची चित्रं काढायला माणसं होती. खलाशाला कोण रंगवतो?’’

बरं, हे ज्ञान डोक्यात ठेवावं ना! ते अंगावर घालायचे. एकेका पायात दोन माणसं मावतील अशी, घोट्याच्या वरच संपणारी तुमान घालून ते सकाळी कॉफीशॉपमध्ये जात. पहिल्यांदा त्यांना पाहून कॉफीवाल्यानं माझ्या कपाऐवजी काउंटरवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, ओतली.

‘‘एवढी रुंद कशाला हो?’’ मी विचारलं.

‘‘डेक धुताना मांडीपर्यंत गुंडाळता येते.’’

‘‘आणि कोट एवढा आखूड?’’

‘‘लांब कोट दोरात अडकतो, वाघमारे. मग कोट वर राहतो आणि माणूस खाली येतो.’’

त्या काळी साध्या खलाशाला गणवेश नव्हताच म्हणे. बरेच जण आपले कपडे आपणच शिवायचे. म्हणून भालेरावही हातानंच शिवत. मी एकदा पट्टी लावून पाहिली: इंचाला आठ टाके, कुठेही सात नाहीत की नऊ नाहीत. माझ्या मनातला त्यांचा भाव त्या दिवशी वधारला. दिसतं कसं, हा प्रश्न मात्र त्यांना विचारायचा नाही. ‘‘दर्यावर आरसा नसतो!’’ हे ठरलेलं उत्तर. यावर आमची ही एकदा म्हणाली, ‘‘दर्यावर नसेल, लिफ्टमध्ये आहे.’’

त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात मराठ्यांच्या आरमारावर नाटुकलं करायचं ठरलं. बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीतल्या एका काँडोत बैठक भरली. बसवणार होत्या साठेबाई. त्यांनी जरीचे फेटे, मोत्यांच्या माळा आणि रेशमी अंगरखे यांची यादी वाचली. भालेराव उठले.

‘‘बाई, गलबत आहे की वरात?’’

‘‘प्रेक्षकांना भव्य वाटायला हवं, भालेराव.’’

‘‘आणि शीड कोण ओढणार? सगळेच सरदार! की तुमच्या मेडला बोलावायचं? खलाशी म्हणजे आखूड धोतर, डोक्याला फडकं, वर उघडा. बस्स.’’

‘‘उघडा?’’ साठेबाईंनी डोळे मिटले. बहुधा कल्पना करून पाहत असाव्यात.

शेवटी तोडगा निघाला. सरदार सगळे रेशमी आणि कोपऱ्यात दोर धरून उभा एक खलाशी. संवाद नाही. भालेराव एवढे खूश झाले की परतीच्या बसमध्ये मला म्हणाले, ‘‘माझ्या शेजारी प्रज्ञालाही उभी करतो. तिच्यासाठी चौकड्यांचा सदरा आणि तुमान शिवतो. बापलेक मिळून शीड ओढू.’’

प्रज्ञा त्यांची एकुलती एक. चौदा वर्षांची. भालेराव घरी असले की ती खोलीतून फक्त जेवायला आणि वाय-फाय बंद पडलं की बाहेर येई. पंधरा दिवस खपून त्यांनी तो सदरा शिवला. प्रज्ञानं तो खोलीत नेला, दार लावलं, आणि थोड्या वेळानं आतूनच सांगितलं, ‘‘नो वे, बाबा. सो एम्बॅरसिंग, ला.’’

भालेराव मला लिफ्टपाशी भेटले. पहिल्यांदाच साध्या पँटमध्ये होते. ‘‘पोरीला लाज वाटते माझी,’’ म्हणाले. ‘‘नाटुकल्यालाही येणार नाही म्हणते. पुढच्या महिन्यात मी परत बोटीवर जाणार. वाटलं होतं, एकदा तरी आम्ही दोघं...’’ लिफ्ट आली. ते आत शिरले आणि कुठल्या मजल्याचं बटण दाबायचं तेच विसरले.

खरी गोष्ट भालेरावांच्या बायकोनं, वैशालीवहिनींनी, आमच्या हिला सांगितली. सदरा प्रज्ञाच्या खांद्यांवरून खालीच उतरला नव्हता. ‘‘दर बंदरातून तिला कपडे आणतात आणि दर वेळी ते लहान होतात. जाताना जेवढी पाहिली तेवढीच राहते हो ती यांच्या डोक्यात. तिनंच मला बजावलंय, ‘आई, छोटा झाला असं बाबांना सांगू नको, ही विल फील बॅड. मला लाज वाटते म्हणून सांगते.’ ’’

दोनशे वर्षांपूर्वीच्या खलाशाचं माप पाठ असलेला हा माणूस!

संमेलनाच्या दिवशी सभागृहातला एसी सूटवाल्यांच्या बेतानं लावला होता. पडदा उघडला. सरदार झगमगत होते आणि कोपऱ्यात भालेराव, आखूड धोतर, डोक्याला फडकं, अनवाणी, पोट थोडं पुढे, दोन्ही हातांनी शिडाचा दोर ताणून. लोक हसले. सरदारांची भाषणं लांबली. तिसऱ्या भाषणापर्यंत भालेरावांचे दात वाजत असल्याचं मला चौथ्या रांगेतून दिसत होतं. दोर सोडावा तर शीड पडणार.

मागच्या दारापाशी हुड ओढून कुणीतरी बसलं होतं. ते उठलं आणि मधल्या वाटेनं तरातरा पुढे आलं. प्रज्ञा होती. मुख्य सरदार ‘‘हर हर...’’ म्हणत असताना ती थेट रंगमंचावर चढली, जॅकेट काढलं आणि बापाच्या खांद्यावर टाकलं.

‘‘वेअर, ला, बाबा. यू विल फॉल सिक.’’

विंगेतून साठेबाई किंचाळल्या, ‘‘जॅकेट नाही! त्या काळात झिप नव्हती!’’

भालेरावांनी एक हात जॅकेटच्या बाहीत घातला. मग दोर सोडून दुसराही घातला. जॅकेट त्यांना नीट बसलं. खांद्यात कुठे ओढ नाही, बाह्या मनगटापर्यंत. ते आधी बाहीकडे पाहत राहिले, मग शेजारी उभ्या असलेल्या, जवळजवळ आपल्याएवढ्या उंच मुलीकडे.

शीड सगळ्या सरदारांच्या डोक्यांवर आलं. आत फेटे चाचपडत होते, लोक शिट्ट्या मारत होते. भालेरावांना त्याचं काहीच नव्हतं. ते प्रज्ञाला पाठमोरी उभी करून, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, वितीनं माप घेत होते. आणि ती हलत नव्हती.