जावक क्रमांक ४१७

विस्मरण हा माणसात दोष असला तरी यंत्रात तो गुण आहे, हे आता सर्व प्रगत कार्यालयांनी मान्य केले आहे. ज्याला काही आठवतच नाही, त्याच्याकडून काही हरवण्याचा प्रश्नच येत नाही. याच थोर विचाराने या कार्यालयात बावीस नेटवर्क संगणक आले. त्यांच्या पोटात काही साठवायची सोय नव्हती (पोट आले की दुखणी आली, असे यंत्रे बसवणाऱ्या तज्ज्ञाने सांगितले). फ्लॉपी घालायची फटसुद्धा नव्हती. सगळे कागद जिन्याखालच्या कुलूपबंद खोलीतल्या एका सर्व्हरमध्ये राहायचे आणि मेजावरच्या यंत्रात ब्राउझर नावाची फक्त एक खिडकी उघडायची. पत्र तिथेच, तक्ता तिथेच, रजेचा अर्जही तिथेच.

कळ दाबली की अक्षर जिन्याखाली जाई, हजेरी लावी आणि परत येऊन पडद्यावर उमटे. एका अक्षराला सरासरी चार सेकंद. ‘महोदय’ पुरे होईपर्यंत लिहिणाऱ्याचा राग ओसरून जाई, त्यामुळे पत्रांची भाषा कमालीची सुधारली. पूर्वी दिवसाला चाळीस पत्रे होत आणि त्यांत बारा चुका. आता तीन पत्रे आणि एक चूक. चुका ब्याण्णव टक्क्यांनी घटल्या, असा अहवाल वर गेला आणि साहेबांना शाल मिळाली.

आवक-जावक कारकुनाला या प्रगतीबद्दल तक्रार नव्हती. एकोणीस वर्षे तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदाला क्रमांक देत आला होता, आणि त्याचा एक शिरस्ता होता: आधी रजिस्टरात क्रमांक, मग पत्र. पत्र आधी लिहिले तर ते बिनक्रमांकाचे निसटून जाईल, ही त्याची भीती. दुसरा नियमही त्याचाच. एका विषयाला एकच क्रमांक; एकदा गेलेले पुन्हा जात नाही. या नियमावर त्याने तीन साहेबांना गप्प केले होते.

त्याची बायको बारा तासांच्या अंतरावरच्या गावात परिचारिका होती. सहा वर्षे दोघांचा संसार सुट्ट्यांच्या यादीवर चालला होता. मुलगी आता त्याला ‘बाबा, तुम्ही कधी जाणार?’ असे विचारी, ‘कधी आलात?’ असे नाही. बायकोच्या गावी एक जागा रिकामी झाली आणि बदलीचे अर्ज मागवले गेले. अर्ज नव्या प्रणालीतच टाइप केलेला हवा, हस्तलिखित बाद, आणि शुक्रवारी दोनच्या टपालाने तो निघायला हवा. अशी जागा पुन्हा कधी निघेल, हे कुणी सांगू शकत नव्हते.

शुक्रवारी सकाळी त्याने शिरस्त्याप्रमाणे रजिस्टरात ४१७ क्रमांक घातला, ‘बदलीबाबत विनंती अर्ज’ असे सुवाच्य लिहिले आणि टाइप करायला बसला. मधेमधे साठवून ठेवायची सोय नव्हती (अर्धवट कागद जपणे शिस्तीत बसत नाही). एकला पाच कमी असताना शेवटची ओळ झाली. त्याने ‘साठवा’ दाबले. पडद्यावर वाळूचे घड्याळ आले.

बरोबर एक वाजता शिपायाने जेवणाच्या सुट्टीत विजेची उपकरणे बंद ठेवण्याच्या जुन्या परिपत्रकानुसार पंखे बंद केले, दिवे बंद केले आणि जिन्याखाली जाऊन सर्व्हरही बंद केला. आपल्या कामात त्याने कधी हयगय केली नव्हती.

दीड वाजता सगळे पुन्हा सुरू झाले. खिडकीत एकच ओळ होती: पान सापडले नाही.

कारकून तज्ज्ञाकडे धावला. “साहेब, माझा अर्ज गेला हो!”

“गेला ना? मग झालं तर,” तज्ज्ञ म्हणाला. “पुढचं टपालखात्याचं काम.”

सगळे पुन्हा टाइप करायला उरलेला अर्धा तास पुरणार नव्हता. जुने टाइपरायटर भांडारात होते. ते बाहेर काढायचा मागणी अर्ज ब्राउझरमध्ये होता. हेडक्लार्कने सांगून पाहिले, “अरे, हाताने चार ओळी खरड. पोराबाळांचा प्रश्न आहे.” पण हस्तलिखित बाद होते, आणि शिवाय ४१७ रजिस्टरात गेलेला होता. नवा क्रमांक द्यायचा म्हणजे आपलाच नियम मोडायचा. क्रमांकामागे कागद तर हवाच. दोनला तीन मिनिटे असताना त्याने ‘पान सापडले नाही’ हे पान छापले, सही केली आणि त्यावर शिक्का इतक्या जोरात मारला, की शाई पसरली.

महिन्याभराने निकाल आला. एकूण एकतीस अर्ज. सगळीकडे तीच यंत्रे आणि तीच परिपत्रके असल्याने अठ्ठावीस अर्ज तंतोतंत सारखे होते. उरलेले तीन हस्तलिखित. त्यांत मजकूर असल्यामुळे इतरांशी तुलना अशक्य, म्हणून ते बाद. निवड निव्वळ गुणवत्तेवर झाली. ज्याच्या पानाचा समास सर्वांत सरळ, त्याला जागा मिळाली. आपल्या कारकुनाच्या अर्जावर शेरा होता: ‘मजकूर समाधानकारक. शिक्का अस्वच्छ.’

त्याने बायकोला फोन केला. ती म्हणाली, “अहो, मला तुम्ही दर आठवड्याला पत्र लिहिता. एक तरी हरवलं का? सगळी डब्यात आहेत. तसंच लिहायचं होतं.”

“त्यांना क्रमांक नाहीत गं,” तो म्हणाला, आणि फोन ठेवून अभिलेख खोलीत जाऊन रडला. तपासणी पथकाने पुढे त्याच्या रजिस्टरला ‘उत्कृष्ट’ शेरा दिला.

ती यंत्रे काही वर्षांत भंगारात गेली. ती कल्पना मात्र कुणी भंगारात टाकली नाही, आणि हे वाचून गालातल्या गालात हसणाऱ्या वाचकाने एक करून पाहावे. आईचा शेवटचा फोटो, मुलीचे पहिले पाऊल, कुणाची तरी जपून ठेवलेली चिठ्ठी आत्ताच्या आत्ता उघडावी. कुणाच्या जिन्याखाली आहे ते सगळे, ठाऊक आहे? पडद्यावर चक्र फिरत असेल तर फिरू द्यावे. एक वाजायला अजून पाच मिनिटे आहेत.