दिगंबरपंतांच्या मानाची व समुद्राच्या मिठाची बखर

॥ खडू प्रसन्न. काळा फळा साक्ष. मागल्या बाकावर बसणाऱ्या समस्त मंडळींस दंडवत. ॥

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, शुद्ध पक्षी जे वर्तमान घडले ते लिहिले ऐसे जे, विद्यापीठ नामे एक थोर पातशाही होती, आणि तिचे अमलाखाली शिक्षणशास्त्र महाविद्यालय म्हणोन एक दौलत होती, आणि त्या दौलतीत मास्तर घडविण्याचा कारखाना चालत असे. इतर मुलखी मुले शिकतात. येथे शिकवावे कैसे हे शिकवीत. गादीवर प्राचार्य महाराज, आणि त्यांचे हाताखाली एकेका विषयाचे सरदार. गणिताचा सुभा दिगंबरपंत आष्टेकर यांजकडे, भूगोलाचा सुभा वर्षाराणीबाई गुरव यांजकडे, आणि मराठीचा सुभा आम्हांकडे. आमचे सुभ्यात पराक्रम म्हणावा ऐसे काही पिकेना, म्हणोन महाराजांनी दौलतीचे वार्तापत्र लिहिण्याचे काम आम्हांस सांगितले. कोणी शोधनिबंध वाचिला, कोणास पदवी मिळाली, कोण कोठे प्रमुख पाहुणे होऊन शाल पांघरून आले, हे सारे गोड शब्दांत लिहावे आणि खाली आपले नावही घालू नये, ऐसा शिरस्ता. दुसऱ्याचे कौतुक लिहिताना पोटात काय होते ते लिहिणारासच ठाऊक. पण आमचे दुखणे राहो. पंतांचे दुखणे मोठे, तेच सांगतो.

दौलतीचे देवडीत एक काचेचा फलक होता, आणि ज्याने पराक्रम केला त्याची तसबीर त्यात लागे. त्या फलकाचे मधोमध पंतांची तसबीर बहुत वर्षे होती, का की गणिताचे पाठ-टाचणांचे, म्हणजे पाठ कैसा घ्यावा त्याच्या लेखी आराखड्यांचे, पुस्तक त्यांनी लिहिले, आणि ते पुस्तक होतकरू मास्तर अद्याप उतरून काढतात. पंत रोज सकाळी येत, काचेसमोर उभे राहत, केस सारखे करीत आणि मग सही करावयास जात. मग वर्षाराणीबाई आल्या. त्यांनी आधी एक निबंध वाचिला, मग परदेशी जाऊन दुसरा वाचिला, मग कोण्या मोठ्या प्रकल्पाची सनद आणिली, आणि एके दिवशी शिपायाने काच उघडून बाईंची तसबीर मध्ये लाविली आणि पंतांची काढून परीक्षेच्या वेळापत्रकाखाली सरकविली, ती ऐसी की पंतांचे कपाळ वेळापत्रकात गेले आणि फक्त मिशा दिसत राहिल्या. ते दिवसापासून पंतांचे जेवणावरून मन उडाले. अध्यापक-कक्षात बाईंची वाहवा चालली की पंत चहात साखर ढवळीत बसत, आणि साखर विरघळून गेली तरी ढवळीत. कोणी म्हणाले, "सर, बाईंनी परदेशात पेपर वाचला, ऐकलं का?" तर पंत बोलिले, "वाचायला काय, पेपर तर मीही रोज वाचतो." आम्ही हसलो, आणि वार्तापत्रात "दैदीप्यमान यश" ऐसे लिहिले, आणि लिहिताना पेन जरा जोराने दाबिले.

त्याउपरी विद्यापीठाचा हुकूम आला की औंदा आदर्श अध्यापक हा मान या दौलतीत द्यावयाचा, आणि उमेदवार दोन, पंत आणि बाई, आणि परीक्षक मंडळी खासा येऊन दोघांचा एकेक पाठ शाळेतल्या खऱ्या मुलांपुढे बघणार, मग निवाडा करणार. पंत येत्या ज्येष्ठात सेवानिवृत्त व्हावयाचे. आता मिळाला तर मिळाला, नाही तर वेळापत्रकाखालून मिशांनीच निरोप घ्यावा लागणार. घरीही त्यांनी सांगून टाकिले होते की दिवाणखान्यात एक खिळा मारून ठेवा.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर पुढली मसलत कळणार नाही. महाविद्यालयाशेजारी सरावाची शाळा होती, आणि दर साली होतकरू मास्तरांच्या टोळ्या तीवर चालून जात आणि पाठ घेत. पाठाची रीत ऐसी की आरंभी मुलांस सोपे सोपे प्रश्न विचारावे, मुलांनी भराभर उत्तरे द्यावी, आणि शेवटचा प्रश्न ऐसा टाकावा की कोणास येऊ नये. मग मास्तराने हसून म्हणावे, "ठीक आहे, तर आज आपण याचीच माहिती घेणार आहोत," आणि फळ्यावर पाठाचे नाव लिहावे; यासच हेतुकथन म्हणतात. टाचणात त्या जागी पाठ घेण्याआधीच लिहिलेले असते, की विद्यार्थी निरुत्तर. त्या शाळेतली पोरे पाठ खाऊन खाऊन ऐसी तयार झाली होती की शेवटचा प्रश्न आला की ज्यांस उत्तर मुखोद्गत तीही माना खाली घालीत. सातवीच्या वर्गाची प्रमुख तबस्सुम मुलाणी म्हणोन एक मुलगी होती. एखादा मास्तर घाबरून अडखळला तर हा शेवटचा प्रश्न, आता गप्प, ऐसे ती मागे वळून डोळ्यांनी सर्वांस खुणावीत असे. त्या पोरीने किती मास्तर पार करविले त्याची गणती नाही.

मग पाठांचे आदले दिवशी पंतांनी आम्हांस बरोबर घेतले, का की एकटा गेला तर कट दिसतो आणि दोघे गेले तर पाहणी दिसते, आणि सातवीचे वर्गात जाऊन बोलिले, "मुलांनो, उद्या गुरव मॅडम पाठ घेतील. त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला की गप्प बसायचं नाही. येत असेल ते सांगायचं." तबस्सुम उभी राहून म्हणाली, "पण सर, शेवटच्याला गप बसायचं असतंय न्हवं?" पंत म्हणाले, "उद्या नाही." ती म्हणाली, "आनि तुमच्या पाठाला?" पंत म्हणाले, "माझ्या पाठाला नेहमीसारखं." पोरगी "बरं सर," म्हणोन खाली बसली. मसलत ऐसी सुबक की आम्हांसही भारी पसंत पडली. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधीच आले तर मास्तर शिकविणार काय? बाईंच्या टाचणाचा तेथेच निकाल लागणार, ऐसे आम्ही मनात मांडिले, आणि परत येताना पंतांनी आम्हांस वडा खिलविला.

दुसरे दिवशी परीक्षक आले. तिघेही मातबर, मांडीवर गुणांचे तक्ते घेऊन खुर्च्यांवर बसले, आणि मागल्या बाकावर पंत आणि आम्ही बसलो. बाक सातवीच्या पोरांचे मापाचे, त्यामुळे गुडघे हनुवटीस लागले. बाई आल्या, निळे पातळ, हाती एक खडू. त्यांनी नद्यांचे सोपे प्रश्न विचारिले, पोरांनी भराभर सांगितले, आणि मग बाईंनी शेवटचा प्रश्न टाकिला, "इतक्या नद्या बारा महिने समुद्रात पाणी ओततात. मग समुद्र भरून बाहेर का येत नाही?" आणि हसून फळ्याकडे वळणार, तो तबस्सुम उभी. म्हणाली, "मॅडम, पान्याची वाफ होत्या. बाष्पीभवन." आणि पाठोपाठ अर्धा वर्ग बाष्पीभवन, बाष्पीभवन करू लागला. पंतांनी बाकाखाली आमचा हात दाबिला. बाई खडू घेऊन तैशाच उभ्या राहिल्या, आणि चेहरा जरा उतरला तो आम्ही पाहिला, आणि बरे वाटले. मग त्यांनी खडू खाली ठेविला आणि तबस्सुमला विचारिले, "तू पाहिलंस का ग बाष्पीभवन?" ती म्हणाली, "न्हाई. पुस्तकात हाय." बाई म्हणाल्या, "मग पुस्तक ठेव बाजूला. पाणी उडून जातं म्हणतेस, आणखी काय काय उडून जातं?" वर्ग स्तब्ध जाहला, पण हे स्तब्ध होणे टाचणातले नव्हते. मग खिडकीजवळून एक पोरगा बोलिला, "मॅडम, पानी उडतंय तर मीठ कुटं जातंय?" दुसरा म्हणाला, "आरं पर नदीचं पानी गोड असतंय की, मीठ आलंच कुठनं?" तिसरी म्हणाली, "समुद्राच्या तळाला मिठाचा डोंगर असंल." चौथा म्हणाला, "मासं घामाघूम हुत असत्याल." आणि वर्ग हसला, आणि बाईही हसल्या, आणि मग जो तो बोट वर करून बोलू लागला, आणि बाई एकाचे म्हणणे दुसऱ्यास विचारीत, दुसऱ्याचे तिसऱ्यास, आणि आपण काही सांगतच नसत. फळ्यावर एवढा एकच शब्द लिहिला, मीठ, आणि पुढे प्रश्नचिन्ह. परीक्षकांचे तक्ते कोरेच राहिले, का की हेतुकथन नाही, फलकलेखन नाही, मूल्यमापन नाही. खुणा करावयास जागाच सापडेना.

आणि तेव्हा आम्ही बाजूस पाहतो तो दिगंबरपंतांचा हात वर. पंतांस ठाऊकही नव्हते की तो वर गेला आहे. बोट ताठ, अंग पुढे झुकलेले, सातवीतला पोर करतो तैसे. बाईंचे लक्ष गेले. म्हणाल्या, "सर, थांबा हं. आधी मुलं." पंतांनी हात खाली घेतला आणि घंटा झाली. बाई पोरांस म्हणाल्या, "घरी बोअरचं पाणी पातेल्यात आटवून बघा, तळाला काय राहतं ते. मग बोलू." पोरे उठेनात. बाहेर पडताना पंत आम्हांस म्हणाले, "मला येत होतं." आम्ही विचारिले, "काय येत होतं?" तर म्हणाले, "काही नाही."

मग पंतांचा पाठ जाहला. त्रिकोणांचे सोपे प्रश्न विचारून पंतांनी शेवटचा टाकिला, "मग त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती?" पण पोरांस बोलावयाची चटक लागली होती. तबस्सुमने वळून सर्वांस खुणाविले तरी अख्खा वर्ग ओरडला, "एकशे ऐंशी." पंतांनी खडू उचलिला. मग परीक्षकांकडे पाहून स्वच्छ आवाजात म्हणाले, "कोणालाच येत नाही? ठीक आहे. तर आज आपण याचीच माहिती घेणार आहोत." आणि फळ्यावर सुरेख अक्षरात पाठाचे नाव लिहिले. परीक्षकांच्या पेनांस जीव आला आणि हेतुकथनापुढे खूण पडली, फलकलेखनापुढे पडली, आणि घंटेच्या ठोक्यास पंतांनी स्वाध्याय दिला. एक पोरगी डबा उघडून मोजीत होती की भाकरी किती.

निवाडा जाहला तो पंतांच्या बाजूने. शिपायाने काच उघडून बाईंची तसबीर काढिली आणि पंतांची मध्ये लाविली. आम्ही वार्तापत्रात "दैदीप्यमान यश" लिहिले, शब्द तेच, फक्त नाव बदलिले. पंत सकाळी येऊन काचेसमोर उभे राहिले, पण केसांस हात लाविला नाही. तेवढ्यात शाळेतली पोरे मधल्या सुटीत धावत आली आणि पंतांचे बाजूने जाऊन बाईंचे दाराशी गोळा जाहली. तबस्सुमचे हाती पातेले होते, तळाला पांढरा थर. म्हणाली, "मॅडम, आई लई बोलली, पर हे बगा." बाईंनी नखाने थर खरवडून जिभेवर ठेविला, आणि पोरांनीही ठेविला. पंत काचेतल्या प्रतिबिंबात हे पाहत होते, आपल्याच तसबिरीवर. आम्हांस म्हणाले, "इतकी वर्षं शिकवलं. मला कुणी कधी पातेलं आणून दाखवलं नाही." पूर्वी पंत बाईंचे तसबिरीचा हेवा करीत, आता पातेल्याचा करू लागले, आणि हे दुखणे आधीच्याहून वाईट, का की याची काच उघडून देणारा शिपाई कोणी नाही.

मग मानाचा दिवस आला. कुलगुरू महाराज व्यासपीठावर, सभागृह भरावे म्हणोन सरावाची शाळाही आणून बसविली. पंतांस शाल घातली, श्रीफळ दिले, मानचिन्ह दिले, आणि प्राचार्य महाराज म्हणाले, "आता सत्कारमूर्तींनी मनोगत व्यक्त करावं." पंत उभे राहिले. भाषणाचा कागद त्यांनी काढिला, पाहिला, आणि घडी करून खिशात ठेविला. मग तिसऱ्या रांगेकडे पाहून बोलिले, "गुरव मॅडम, त्या दिवशी माझा हात वर होता. तुम्ही मला विचारलं नाहीत." सभेत कुजबूज जाहली. कुलगुरू महाराज प्राचार्यांकडे पाहू लागले. बाई जागेवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मग आता सांगा, सर." आणि पंत सांगू लागले, शाल खांद्यावरून घसरत होती ती सावरीत, "नदीचं पाणी गोड लागतं, पण अगदी गोड नसतं. दगडमातीतलं चिमूटभर मीठ त्यात असतंच, आपल्याला कळत नाही. समुद्रातलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. रोज चिमूटभर. ही बेरीज आहे, मॅडम. नुसती बेरीज. कोट्यवधी वर्षांची." पोरे मान डोलावीत होती. बाई जैसे वर्गात म्हणतात तैसे म्हणाल्या, "बरोबर, सर. बसा." आणि दिगंबरपंत आष्टेकर, आदर्श अध्यापक, आभार मानावयाचे विसरून, मुकाट खाली बसले.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. मान पंतांकडे राहिला, पातेली बाईंकडे येत राहिली, आणि दिवाणखान्यातल्या त्या खिळ्यावर पंतांनी मानचिन्ह टांगिले की नाही ते विचारण्याचा धीर आम्हांस जाहला नाही. बखर लिहिणाराने आपले लिहू नये, तरी लिहितो: ते दिवशी मागल्या बाकावर हात आमचाही वर होता. आमचेकडे बाईंनी पाहिलेही नाही. उत्तर आम्हांसही येत होते.