दोन बोटं कमी

गेल्या वसुबारसेला सकाळी रंगनाथ आव्हाड यांनी पाथर्डीच्या भर बाजारपेठेत भानुदास मिस्तरींना जाहीर समज दिली. कारण, मिस्तरींनी रेडिओच्या लाकडी खोक्याला स्टार स्क्रू मारले होते.

"संबंधितांनी नोंद घ्यावी. सदर स्क्रू त्या काळात अस्तित्वात नव्हता. सदर प्रकार ही शुद्ध फसवणूक आहे!"

मी इथला पत्रकार आणि रंगनाथराव माझे शेजारी. एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. सारी नोकरी माइकवर गाड्या पुकारण्यात गेली. एरवी ते गावाकडचं बोलतात. संताप आला की भाषा शुद्ध होते आणि आवाज भोंग्यातून आल्यासारखा येतो. ती दिवाळी त्यांनी बहुतेक शुद्ध भाषेतच काढली.

"भाऊ, स्क्रू आतल्या बाजूनं हाय," मिस्तरी म्हणाले. "कुनाला दिसतोय?"

"रेडिओला दिसतोय!"

स्क्रू निघाले. एका खाचेचे जुने पितळी स्क्रू बसले.

रंगनाथरावांच्या लहानपणी घरात एक व्हॉल्व्हचा रेडिओ होता. पुढे त्याला वाळवी लागली. तसाच रेडिओ पुन्हा बांधायचा आणि भाऊबीजेपर्यंत पुरा करायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यात आजच्या काळातलं काहीही चालणार नव्हतं. लाकूड पाडलेल्या टॉकीजच्या खुर्च्यांचं. वायर सुती वेष्टणाची. डब्यातला पांढरा गोंद बाद. ते अंगणात हाडांचा सरस शिजवायचे. वासाबद्दल गल्लीने तक्रार केली, तर म्हणाले, "वास खरा हाय. खरं ते खरं."

नगरच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्याने त्यांना 'अँटिक' रेडिओ दाखवला होता.

"आजोबा, ह्याच्यात ब्लूटूथ पण आहे."

रंगनाथरावांनी रेडिओ उलटा केला. तळाला प्लास्टिक. मग त्यांनी दुकानासमोर उभं राहून सगळ्या गिऱ्हाइकांना सूचना दिली. आम्हाला तिथून निघावं लागलं.

या सगळ्या हिंडण्यात त्यांच्या बगलेत एक काठी असायची. तिच्यावर तीन खाचा होत्या: लांबी, उंची, खोली. माप कुठून आणलं, ते सांगत नसत.

स्पीकरवरच्या जाळीच्या कापडासाठी आम्ही संगमनेरला गेलो. तिथे एका बंद पडलेल्या रिपेअरिंगच्या दुकानात फळीवर हुबेहूब तोच रेडिओ होता. रंगनाथरावांनी तो लांबूनच ओळखला. मालकाने पुसून लावला. थोडी खरखर झाली आणि बातम्या लागल्या.

"नुसतं कापड कशाला काढता? अख्खाच न्या," मालक म्हणाले. "घरात अडचण होते त्याची."

रंगनाथरावांनी काठी लावली. रेडिओ तिन्ही बाजूंनी काठीपेक्षा दोन बोटं मोठा निघाला.

"ह्यो नको," ते म्हणाले. "कापडच द्या."

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "रेडिओ खरा आहे. चुकलीय तुमची काठी."

"काठी बरोबर हाय."

"मग त्या कंपनीचं माप चुकलं म्हणायचं?"

"पत्रकारांनी आपल्या जागेवर बसून घ्यावे," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

धनत्रयोदशीला मिस्तरी माझ्याकडे आले. आता संतापायची पाळी त्यांची होती.

"तुमी तरी सांगा त्यांना! स्क्रू जुना पायजे, सरस जुना पायजे, अन् माप मातुर मनाचं! ट्रान्सफॉर्मर बसंना आत. दोन बोटं वाढवू द्या म्हनलं, तर म्हनत्यात, बोटभर वाढवलंस तर तुझी उसागत मोळी बांधून कारखान्याला धाडीन!"

मी गेलो. समजावून सांगितलं. ट्रान्सफॉर्मर आत नसेल तर रेडिओ वाजणार नाही.

"न वाजू द्या," रंगनाथराव म्हणाले. ते गावाकडच्या भाषेत आणि हळू बोलले, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

भाऊबीजेला कर्जतहून त्यांच्या थोरल्या बहीण कौसाबाई आल्या. ओवाळून झाल्यावर रंगनाथरावांनी टेबलावरचं धोतर ओढलं. खाली रेडिओ होता.

"आगं बया," आक्का म्हणाल्या. "आपला!"

"आक्का, ती खोळ आणली का?"

आक्कांचा चेहरा बदलला. "म्हनून फोनवर खोळ खोळ करत हुतास व्हय? कशाला? परत हसाया?"

"दे तर."

आक्कांनी पिशवीतून मांजरपाटाची एक घडी काढली. रेडिओवर घालायची खोळ होती. चारी कोपऱ्यांवर हिरवे राघू भरलेले होते. कापड कोरं होतं. मी विचारलं तेव्हा आक्कांनी सांगितलं.

"रेडिओ घेतला त्या साली मी बापासंगं ऊसतोडीला. आई ह्या बारक्याला घिऊन घरी. तिनं निरोप धाडला, लांबी तीन वीत अन् हितकी बोटं, उंची हितकी. म्या फडावर पाचटाच्या कोपीत बसून शिवली. पर आईची वीत मोठी, माझी पोरीची. घरी येऊन घातली, तर टोपडं लहान अन् डोकं मोठं. समदी वाडी हसली. ह्यो तर लोळून हसला हुता."

"लहान हुतो," रंगनाथराव म्हणाले.

"लग्नात ट्रंकंत घातली, ती घातलीच."

"गेल्या साली तुझ्याकडं आल्तो," रंगनाथराव म्हणाले. "तू रानात गेल्तीस. तवा ट्रंक उघडून काठीवर खोळीचं माप घेतलं."

आक्का काठीकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि खोळ रेडिओवर चढवली. एका कोपऱ्याला अडली. त्यांनी बोटाने ती खाली सारली. चारी राघू चारी कोपऱ्यांवर आले.

"बसली की रं," त्या म्हणाल्या.

रंगनाथरावांनी काठी कोपऱ्यात ठेवून दिली.

ट्रान्सफॉर्मर अजून त्यांच्या खिडकीत आहे. रेडिओ वाजलेला नाही. दुसऱ्या दिवशी आक्का कर्जतच्या गाडीने परत गेल्या. खोळ त्यांनी नेली नाही.